करवंटीचा अर्धा आणा

सेलूच्या वाणीगल्लीतून तिजारत, म्हणजे व्यापारशास्त्र, शिकायला हैदराबादला गेलेला पहिला मुलगा म्हणजे ईश्वरअप्पांचा मन्मथअप्पा. गोष्ट लढाईच्या दिवसांतली, त्रेचाळीस सालची. कॉलेजात सगळं शिक्षण उर्दूतून. मागणीला तलब म्हणायचं, पुरवठ्याला रसद आणि अर्थशास्त्राला मआशियात. हे शब्द जिभेवर आले की मन्मथअप्पाला आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटे. त्याच्याजवळ एक जाड वही होती. तिच्यात हिशेब कमी आणि विचारच जास्त. महागाई का वाढते, इंग्रजांचा कलदार रुपया आपल्या निजामी हाली रुपयापेक्षा भारी का, माणसानं मिळकतीतला कितवा हिस्सा मागे टाकावा, असं तो दर रविवारी लिहून काढी आणि त्यातलं निवडक बापाला पत्रानं कळवी.

ईश्वरअप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पत्रं शाळेतले दिनकरराव गुरुजी वाचून दाखवत आणि उत्तरही तेच लिहीत. पोराच्या चार पानांना बापाचं उत्तर चार ओळींचं. शेवटची ओळ ठरलेली: दुकानाची काळजी करू नये, शांताच्या सांगण्याप्रमाणे चालले आहे.

ही ओळ त्याला खड्यासारखी लागे. शांता म्हणजे शांतम्मा, त्याची बायको. वय अठरा. शाळेचं तोंड न पाहिलेली. सासू वारलेली, सासऱ्याला दिसत नाही, म्हणून घर आणि दुकान यांच्यामधल्या दारात पाट टाकून ती बसे आणि आतून गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवी. एवढंच त्याला ठाऊक होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे चालण्यासारखं त्यात काय आहे, हे त्याला समजेना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गावी आला तेव्हा समजलं.

त्या वर्षी बाजारातून चिल्लर नाहीशी झाली होती. लोक नाणी घरात दाबून ठेवत. रुपयाची नोट मोडायची तर व्यापारी उरलेल्या पैशाची सुपारी नाहीतर लवंगा हातावर टेकवत. गिऱ्हाईक चिडे, पण करणार काय? शांतम्मानं यावर तोड काढली होती. नारळाच्या करवंटीचे रुपयाएवढे गोल तुकडे तिनं सुताराकडून करून घेतले, दगडावर घासून गुळगुळीत केले आणि मागच्या बाजूनं कासाराकडची लाख लावून लाल केले. एक तुकडा म्हणजे अर्धा आणा. गिऱ्हाइकाचे अर्ध्या आण्याच्या पटीत पैसे परत द्यायचे निघाले की ती करवंट्या देई. तुकडा कधीही परत आणावा आणि त्याच्या बदल्यात चिपटंभर, म्हणजे पाव शेर, ज्वारी न्यावी.

मन्मथअप्पा पहिल्या दिवशी ओट्यावर बसून बघत राहिला. भाजीवाली कडूबाई टोपली घेऊन आली. न्हावी आला. देवगाव फाट्याकडचा एक शेतकरी आला. तिघांच्याही कनवटीला लाल तुकडे होते. कडूबाईनं सांगितलं की ती आता भाजीही करवंटीवर देते.

"नाण्यापरीस ही बरी," ती म्हणाली. "नाण्याला या महिन्यात जेवढी ज्वारी येती तेवढी पुढच्या महिन्यात येत न्हाई. हिला मातर चिपटं ते चिपटंच."

मन्मथअप्पाची कानशिलं तापली. पैसा म्हणजे धातू नव्हे, पैसा म्हणजे भरवसा, हे त्याच्या पुस्तकात तीस पानं खर्ची घालून सांगितलं होतं. ती तीस पानं पाठ करायला त्याला एक अख्खा महिना लागला होता. आणि इथं भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली बाई तेच दोन वाक्यांत सांगून चालती झाली होती. तिला ते शिकवलं कोणी, तर त्याच्या बायकोनं.

त्यानंतर त्याला घरात चैन पडेना. बाप जेवताना शांताचं कौतुक करी आणि त्याचा घास तोंडात फिरे. गल्लीतली माणसं त्याला 'शरणार्थ' म्हणून नमस्कार करत, हैदराबादची हवा विचारत आणि बोलता बोलता नजर आतल्या दाराकडे वळवत. एके दिवशी सटवाजी पाटील बैलजोडी आत्ता घ्यावी की सुगीनंतर, हे विचारायला आला. मन्मथअप्पा सरसावून बसला आणि तलब-रसद समजावू लागला. सटवाजीनं शांतपणे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि मग दाराकडे बघून म्हणाला, सूनबाई, तुमी काय म्हणता? तिनं सांगितलं, चारा विकत घ्यावा लागणार असेल तर सुगीनंतर घ्या. सटवाजी उठून गेला.

त्या दिवसापासून तो तिच्यातली खोट शोधू लागला. ती अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर आकडे मोजते, याची त्यानं बापासमोर थट्टा केली. बाप हसला नाही. शेवटी त्यानं पुस्तकातला मुद्दा काढला. अप्पा, तो म्हणाला, जवळ ठेव न ठेवता जो असं चलन काढतो तो एक दिवस बुडतो. सगळे एकदम मागायला आले तर देणार कुठून?

ईश्वरअप्पांनी सुनेला हाक मारली. ती आली, दोघांना घेऊन माळवदाखालच्या कोठीत गेली आणि भिंतीला टेकवलेली दोन पोती दाखवली. तोंडं शिवलेली, वर राखेचं बोट ओढलेलं. सातशे करवंट्या बाहेर हायत, ती म्हणाली, आणि सातशे चिपटी यात हायत. याला आमी हात लावत न्हाई.

मन्मथअप्पानं शिवण बोटानं चाचपून पाहिली. त्याला वाटलं, तिनं निदान विचारायला हवं होतं. एखादं पत्र, एक ओळ, की असं करावं का? तिनं विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, आणि मग ही पोती त्याची झाली असती.

दोन दिवसांनी तो दिनकरराव गुरुजींच्या ओट्यावर बसला होता. गुरुजींनी सहज करवंट्यांचा विषय काढला, हे कॉलेजातल्या पुस्तकाला धरून आहे का, असं विचारलं. खरं उत्तर त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "सरकारच्या कानावर गेलं तर एका दिवसात बंद होईल. मग त्या करवंट्या चुलीत घालायच्या." आणि हे सांगताना त्यानं आवाज मुद्दाम उतरवला, म्हणजे आतली खबर वाटावी.

गुरुजींनी दोघांना सांगितलं, दोघांनी दहांना. बाजाराच्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी ओट्यासमोर माणसांची दाटी झाली होती. कोणाच्या हातात चार तुकडे, कोणाच्या फडक्यात पन्नास. आरडाओरडा नव्हता, पण प्रत्येकजण पुढच्याला कोपरानं रेटत होता. आमाला नाणं द्या, काही म्हणत होते. काही नुसते बघत होते, दुकानदाराचं तोंड कसं होतंय ते.

मन्मथअप्पा आतल्या खांबाला टेकून उभा होता. लोक असे एकदम पैसे मागायला आले की त्याला इंग्रजीत काय म्हणतात, उर्दूत काय म्हणतात, सगळं त्याला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांपुढे घडत होती आणि ती त्यानं घडवली होती. त्याला भीती वाटली. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यानं पुढं कधीच स्वतःपासून लपवली नाही: पोती पुरू नयेत असं त्याला वाटत होतं.

शांतम्मा त्या दिवशी पहिल्यांदा पाटावरून उठून दुकानात आली. पदर कपाळापर्यंत ओढून तिनं दोन्ही पोती ओट्यावर आणायला लावली आणि सगळ्यांसमोर तोंडाची शिवण उसवली. नाणं माझ्याजवळ न्हाई, ती म्हणाली, ज्वारी हाय, ठरल्या मापानं. घाई असंल त्यानं आदी यावं.

ईश्वरअप्पांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मन्मथा," ते म्हणाले, "तू चिपटं धर. शांता करवंट्या घेईल."

तो पुढे झाला. तुकडे मोजून ती आकडा सांगे, तो तेवढी मापं भरी. पहिल्या तासात दीडशे गेली. माप भरताना घाईत त्याच्याकडून ज्वारी सांडे आणि ती वाकून सांडलेली गोळा करून गिऱ्हाइकाच्याच फडक्यात टाकी. दुसऱ्या तासाला एक पोतं निम्म्यावर आलं. मागच्या लोकांना दिसत होतं की पुढचे भरलेली फडकी घेऊन चाललेत. मग कडूबाईची पाळी आली. तिच्याकडे साठ तुकडे होते. तिनं पोत्याकडे पाहिलं, शांतम्माकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा बांधलं.

"एवढी ज्वारी वागवत कुठं फिरू? राहू दे माझी. दुपारी मिरच्या विकायच्या तर सुट्टे लागतील."

ती गेली तशी तिच्या मागचे दोघे गेले. मग पाच. दुपारपर्यंत ओटा मोकळा झाला होता आणि दुसऱ्या पोत्याला कोणी हातही लावला नव्हता. संध्याकाळी बाजार उठायच्या आत, सकाळी ज्वारी नेलेली काही माणसं तीच ज्वारी देऊन करवंट्या परत मागायला आली. बाजारात दुसरी चिल्लर कुठं होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून आल्यावर शांतम्मानं घागर उतरवली आणि त्याच्याकडे न बघता बोलली.

"गुरुजींनी तुमचं नाव सांगितलं. मी मामंजींना सांगितलं न्हाई."

"का?"

"सांगून काय व्हायलाय? तुमी आठ दिवसांत जाणार. तुमची मनीऑर्डर याच दुकानातून जाती. दुकान मोडलं असतं तर तुमची फी कुठून भरली असती, याचा तुमी इचार केला व्हता का?"

त्यानं केला नव्हता. पैशावर शंभर पानं लिहिणाऱ्या माणसाला हे एकदाही सुचलं नव्हतं. ती ओरडली असती, रडली असती, तर त्याला हलकं वाटलं असतं. तिनं घागर माठात ओतली आणि ती दुकानात गेली.

तो हैदराबादला परतला. वार्षिक परीक्षेत कागदी चलनावर प्रश्न आला. त्यानं पुस्तक बाजूला ठेवून एका छोट्या गावातल्या दुकानाचं उदाहरण लिहिलं, दुकान कोणाचं ते न लिहिता. त्या पेपरात तो वर्गात पहिला आला. प्रोफेसरांनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मुलं टाळ्या वाजवत होती आणि त्याला आपण कोणाची तरी साडी नेसून उभे आहोत असं वाटत होतं. गावी त्यानं निकाल कळवला, पण उत्तराविषयी लिहिलं नाही.

पदवी घेऊन आल्यावर बापानं त्याला गादीवर बसायला सांगितलं. तो आठ दिवस बसला. गिऱ्हाईक त्याच्याशी अदबीनं बोले, आणि ती अदब त्याला सोसेना. त्यानं परभणीला एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीमाची नोकरी धरली. अप्पांना बघायला कोणीतरी हवं, असं कारण सांगून शांतम्माला सेलूलाच ठेवलं. पंधरा दिवसांनी गाडीनं जाई, दोन दिवस राही, परत येई. एक मुलगी झाली. तिचं नाव आजीच्या नावावरून चन्नबसम्मा ठेवलं. लोक म्हणत, मुनीमसाहेबांचं छान चाललंय.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या. निजामाची सत्ता चार-पाच दिवसांत गेली. हाली नोटा आता रद्दी होणार, अशी अफवा परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, उठली आणि लोक मिळेल त्या भावानं हाली देऊन कलदार घेऊ लागले. मन्मथअप्पाजवळ चार वर्षांच्या बचतीचे नऊशे हाली रुपये होते. ही रक्कम त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. वही काढून तो दोन दिवस बसला. बदलावेत याची सहा कारणं निघाली आणि बदलू नयेत याचीही सहाच. तिसऱ्या दिवशी त्यानं सेलूची गाडी पकडली.

शांतम्मा दुकानात सुपारी निवडत होती. तो समोर बसला. पाणी प्याला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं. आकडाही सांगितला.

तिनं सूप खाली ठेवलं. "कालच्या बाजारात कुणी हाली नको म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "ज्वारीवाले घ्यायलेत, तेली घ्यायलाय. जोवर ही माणसं घेत्यात तोवर तुमी निम्म्या भावात कशापायी देता? थांबा."

तो थांबला. महिन्याभरात अफवा विरली, हाली रुपया चालतच राहिला. घाईनं बदलणाऱ्यांचं नुकसान झालं, त्याचा एक पैसा गेला नाही. हे कळवायला तो पुन्हा सेलूला आला तेव्हा तिला आनंद झाला, आणि तिचा आनंद बघून त्याला पूर्वीसारखाच हेवा वाटला. तो त्यानं दडपला नाही. मग मुलीला मांडीवर घेतलं आणि शांतम्माला विचारलं, या पैशात परभणीला दोन खोल्या घ्याव्यात की इथंच दुकान वाढवावं.