मुंगळ्यांच्या राणीचं कुंकू

मुंगळ्यांच्या राणीच्या कपाळावर कुंकू होतं आणि ते निघत नव्हतं.

दसऱ्यानंतरचा दिवस. सकाळचे साडेनऊ. गोरेगाव पूर्वेच्या एका स्टुडिओत आमचा फ्लोअर, म्हणजे शूटिंगचा हॉल, होता. परब राणीचं मुंडकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होते. रुपयाएवढा लाल ठिपका पुसून पुसून पुरीएवढा झाला होता.

अनन्या आणि नील, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू खरंच एलियन्सबरोबर काम करायचीस?" हो, करायचे. तुमची आई तेव्हा चौथीत होती आणि आपण बोरीवलीला राहायचो. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

ती मुलांसाठी केलेली टीव्ही मालिका होती. नाव 'सहा पायांचा ग्रह'. पृथ्वीवरचा एक शास्त्रज्ञ यान बिघडल्यामुळे एका परक्या ग्रहावर उतरतो. तिथे माणसाएवढाले मुंगळे राज्य करत असतात. तेरा भाग, दर आठवड्याला एक. तेव्हा कॉम्प्युटरवर मुंगळे काढायची सोय नव्हती. मुंगळे हाताने शिवावे लागत.

ते परब शिवायचे. परब आधी परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. संप झाला आणि गिरणी पुन्हा उघडली नाही. गावी, कणकवलीकडे, ते गणपती रंगवत आणि दशावताराचे मुकुट करत. त्या हातांना इथे काम मिळालं. गादीचा फोम कापायचा, त्यावर मलमल चढवायची, मलमलीवर काळपट हिरवा रंग. मुंगळ्याला सहा पाय हवेत. माणसाचे दोन पाय, दोन हात, आणि मधली जोडी नायलॉनच्या दोऱ्याने मनगटांना बांधलेली. हात हलले की मधले पायही हलत. ही परबांची युक्ती होती.

राणीच्या आत मुलुंडचे पाटकर असत. हौशी नाटकांत काम करणारा धिप्पाड माणूस. राणीचा आवाज एका बाईंचा, तो नंतर डब व्हायचा. त्यामुळे पाटकर आत काय वाट्टेल ते बोलत आणि आम्हाला हसू दाबावं लागे.

माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे काय, ते सांगते. मालिका गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही. सेट, नट, लाइट जसे मिळतील तसं शूटिंग होतं. आमच्या यानाचा सेट दुसऱ्या युनिटकडून दोन दिवसांसाठी मागून आणला होता, म्हणून अगदी शेवटच्या भागातला निरोपाचा प्रसंग आम्ही पहिल्याच आठवड्यात उरकला होता. अशा वेळी एका माणसाला सगळं लक्षात ठेवावं लागतं. शास्त्रज्ञाची बाही दुमडलेली होती का? ग्लासात पाणी किती होतं? नाहीतर दोन शॉट जोडल्यावर ग्लास आपोआप भरतो आणि प्रेक्षक हसतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शॉर्टहँड येणारी, आधी एका ऑफिसात स्टेनो होते. त्यामुळे माझी फाइल स्वच्छ असे. प्रत्येक शॉटचं एक पान, पानावर पेन्सिलचं चित्र आणि बारीक अक्षरात नोंद.

आता कुंकू.

खंडेनवमीला ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याची पूजा करतात. त्या दिवशी शूटिंग नव्हतं. फ्लोअरवर कॅमेरा, लाइट, ट्रॉली, मेकअपची पेटी ओळीने मांडली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. तेवढ्यात परब राणीचं मुंडकं घेऊन आले आणि त्यांनी ते पाटावर ठेवलं.

"वयनी, हिका पण लावा. आमची लक्ष्मी ती," ते म्हणाले.

त्या दिवशी फ्लोअरवर सवाष्ण मी एकटीच. घरून हळदीकुंकवाची कोयरी नेली होती. पाण्यात बोट बुडवून आधी हळद लावली, मग कुंकू. चांगलं ठसठशीत लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं, "पूजा. शूटिंग नाही."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. दोन दिवसांत कुंकू मलमलीतून फोममध्ये मुरलं.

पाणी झालं. रॉकेल झालं, तर कुंकवाऐवजी हिरवा रंगच निघाला. मग परबांनी वरून रंगाचा हात मारला. पाच मिनिटं छान दिसलं. लाइट लागले, फोम तापला आणि लाल डाग पुन्हा वर आला. दुसरा हात मारला, पुन्हा वर आला.

"नवा मुंडका करूक चार दिस होये," परब हळूच म्हणाले.

चार दिवस नव्हते. प्रसंग होता राणीच्या दरबाराचा. अर्धा अष्टमीला शूट झाला होता, स्वच्छ कपाळाने. उरलेला अर्धा आजच करायचा होता, कारण शास्त्रज्ञाचं काम करणारा विनय संध्याकाळी आठवडाभराच्या नाटकाच्या दौऱ्यावर निघणार होता. आणि शनिवारी टेप टीव्ही केंद्रावर पोचली नाही, तर आमच्या वेळेला दुसरा कार्यक्रम लागणार होता.

दहा वाजता निर्माते आले. शहाभाई, घाटकोपरचे, पांढऱ्या सफारीत. त्यांनी मुंडक्याकडे पाहिलं.

"परबभाई, एकच काम होता तुमचा. मुंडका सांभाळायचा."

"चूक झाली, शेठ," परब म्हणाले.

"चूक? माझा एपिसोड गेला! उद्यापासून येऊ नका. दुसरा माणूस बघतो मी."

परबांनी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या घरी दोन मुलं शाळेत होती आणि गिरणीनंतर मिळालेलं हे पहिलं धड काम होतं. हे मला माहीत होतं, कारण डबा आम्ही एकत्र खायचो.

मला आजही सांगायला बरं वाटत नाही, पण मी लगेच बोलले नाही. मला लागून दोनच महिने झाले होते. मनात पाचपर्यंत मोजलं असेन. मग फाइल छातीशी धरून पुढे झाले.

"शहाभाई, कुंकू मी लावलं."

"तुम्ही? नलिनीबेन, तुम्ही तर कंटिन्युइटी!"

आमचा दिग्दर्शक सतीश, पंचविशीतला मुलगा, डोक्याला हात लावून खुर्चीत बसला होता. तो उठलाच. "नलूताई, अष्टमीला मी सेटवरचा एक खडा हलवला तर केवढ्या ओरडलात माझ्यावर!"

"हो. आणि ते बरोबरच होतं," मी म्हटलं.

"मग दोघांना काढतो," शहाभाई म्हणाले.

"काढा. पण आधी मला दहा मिनिटं द्या."

मी एका मुंगळ्याच्या पोटावर बसले, फोमचं होतं ते, आणि फाइल उघडली. अष्टमीचे शॉट होते चौदा. पहिल्या शॉटपासून एकेक नोंद वाचत गेले. राणी सिंहासनावर. कपाळ स्वच्छ. शास्त्रज्ञ गुडघ्यांवर. केस डाव्या बाजूला. नवव्या पानावर माझंच बारीक अक्षर दिसलं, "विनय, उजव्या तळहाताला जखम. रक्त बोटांपर्यंत. रुमाल नाही."

कारण गोष्टीत शास्त्रज्ञाने राणीची अळी काटेरी खड्ड्यातून वर काढली होती. राणीला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, यानेच अळी चोरली.

"सतीश, राणीला खरं कळतं आणि ती याला माफ करते. ते दाखवणार कसं?"

"मान हलवते ना."

"नुसती मान? याने तिचं मूल वाचवलंय. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. ती मान खाली वाकवेल, आणि हा तिच्या कपाळावर हात ठेवेल. उजवा हात."

सतीशने टाळी वाजवली. "रक्ताचा हात! झकास! आधीच्या चौदा शॉट्समध्ये कपाळ स्वच्छ, इथून पुढे डाग. वा, नलूताई!"

"मुलांच्या सिरियलमध्ये रक्त?" शहाभाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"थोडंसं, शहाभाई. टिळ्याएवढं."

"पुरीएवढा आसा आता ता," परब म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

आता शॉट कसा घेतला ते ऐका. आधी राणीची वाकलेली मान मागून घेतली, म्हणजे कपाळ दिसतच नाही. मग विनयचा ग्लिसरीन आणि लाल रंग लावलेला हात पुढे येतो. मग तोच हात कपाळावर, अगदी जवळून, डाग पूर्ण झाकून. हात बाजूला होतो आणि खाली ठसा दिसतो. कुंकवाचाच, पण हे फक्त आम्हाला माहीत.

विनयने तळहात डागावर बरोबर बसवला आणि डोळ्यांत पाणी आणून तो तसाच थांबला. आणि आतून पाटकरांचा आवाज आला, "अहो, आता ओटी पण भरून टाका एकदाची!"

विनय हसला. पुन्हा घ्यावा लागला. दुसऱ्यांदा पाटकर गप्प राहिले आणि शॉट ओके झाला.

पाच वाजता विनय बॅग घेऊन निघाला. शनिवारी टेप केंद्रावर पोचली.

शहाभाईंनी जाण्यापूर्वी आम्हा दोघांना बोलावलं. परबांनी टोपी हातात घेतली होती.

"परबभाई, उद्या वेळेवर या. नलिनीबेन, तुम्ही पण. पण पुढच्या दसऱ्याला पूजा मी करणार. कोरडी."

तो भाग मुलांना फार आवडला. त्यानंतर उरलेल्या प्रत्येक भागात राणीच्या कपाळावर तो डाग होता. रोज शूटिंग सुरू व्हायच्या आधी मी पानावर पहिली ओळ लिहायचे, "राणी, कुंकू आहे." शहाभाईंसकट सगळे त्याला कुंकूच म्हणत. माझी नोंद एकदाही चुकली नाही.

मालिका संपल्यावर मुलांची पत्रं आली. ती उघडून लावायचं कामही माझंच. त्यात घाटकोपरच्या पाचवीतल्या एका मुलीचं पोस्टकार्ड होतं. अक्षर गोल, समास सोडलेला. तिने लिहिलं होतं, "मालिका खूप आवडली. एक प्रश्न आहे. शेवटच्या भागात शास्त्रज्ञ यानातून जातो तेव्हा राणीच्या कपाळावर कुंकू नव्हतं. तिचे मिस्टर वारले का?"

मी फाइलचं पहिलं पान उघडलं. निरोपाचा प्रसंग. पहिल्या आठवड्यात, मागून आणलेल्या यानासमोर घेतलेला. माझंच बारीक अक्षर, "राणी, कपाळ स्वच्छ." तेरा भागांत त्या पानाकडे मी पुन्हा वळूनही पाहिलं नव्हतं. सतीशने नाही, एडिटरने नाही, शहाभाईंनी नाही. कोणीच पाहिलं नव्हतं.

परबांना कार्ड वाचून दाखवलं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"वयनी, ह्या पोरीक ठेवा तुमच्या जागेर."

मी तिला त्याच दिवशी उत्तर लिहिलं. राणीचे यजमान सुखरूप आहेत, काळजी नसावी. चूक कुंकू लावणाऱ्या बाईची आहे.

मुलांनो, मी त्यानंतर बरीच वर्षं हे काम केलं, आणि त्यातून शिकलेली गोष्ट एवढीच. ज्या हातात फाइल असते, त्या हाताने कोयरी उघडू नये. उघडलीच, तर त्याच दिवशी लिहून ठेवावं, आणि पहिलं पान पुन्हा वाचावं.