मामांना ऐकू आलेली हवा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या मामांचे. पाचवीपासून बारावीपर्यंत मी नांदुऱ्याला त्यांच्या घरी राहून शिकलो. मामा स्वतः चौथी शिकलेले, खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगवर ट्रक ड्रायव्हर. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आज तंत्रनिकेतनात मुलांना इंजिन शिकवतो, पण इंजिन पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं ते मामांच्या अंगणात.

जिनिंगवाल्यांनी जुना पेट्रोल ट्रक विकायला काढला, तेव्हा तो मामांनीच घेतला. पुढे पेट्रोलवर भाडं परवडेना. आता तो शेतातून कडबा आणण्यापुरता निघतो. तरी मामा रोज सकाळी तो सुरू करतात आणि बॉनेटवर तळहात टेकवून थोडा वेळ नुसते उभे राहतात.

या दिवाळीत सुट्टीला गेलो तेव्हा मामीनं चहाबरोबर बातमी दिली. ट्रक मलकापूरच्या भंगारवाल्याला द्यायचं ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की तो येणार होता.

"काऊन पण?" मी कारण विचारलं. तिथं गेलं की माझी भाषा आपोआप तिथली होते.

"त्याईलेच विचार," मामी म्हणाली. "पन मोठ्यानं विचार."

ट्रक पावसाळ्यापासून बिघडला होता. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरायचं, बंद पडतं की काय असं वाटायचं. पुन्हा पाय दाबला की क्षणभर अडखळायचं आणि मग झटका देऊन उचलायचं. मामा सांगत होते की इंजिन कुठून तरी हवा ओढतंय. खामगावचा एक मिस्त्री येऊन प्लग बदलून गेला; फरक पडला नाही. जाताना तो हसत म्हणाला, "मामा, हवा इंजिनात नाही, तुमच्या कानात भरली."

मामांना वर्षभरापासून फोनवरचं बोलणं नीट समजत नव्हतं. त्यामुळे त्यांना ते पटलं.

"जे गाडी मले ऐकू येत नाही, ते मी रस्त्यावर कशी नेऊ?" ते मला म्हणाले. "पुढं एखादं लेकरू आलं तं?"

मला ट्रकपेक्षा त्यांच्या या बोलण्याचं वाईट वाटलं. चाळीस वर्षं त्यांनी ज्या कानांच्या भरवशावर गाडी चालवली, तो भरवसाच गेला होता.

मी दोन दिवस पुस्तकातल्या क्रमानं गेलो. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर तपासलं, कंडेन्सर बदलला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. नव्या प्लगची टोकंही पांढुरकी पडली होती. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. हे दिसत असूनही मी दोष पेट्रोलवर टाकला. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, साफ केली. थरथर तशीच राहिली.

"हवा पिऊन राह्यली बे ते," मामा न राहवून म्हणाले. "खालचा जोड पाह्य एकडाव."

कार्बोरेटर इंजिनावर जिथं बसतो, तो जोड त्यांना म्हणायचा होता.

"तो उन्हाळ्यात मीच बसवला, मामा. पक्का हाय."

"मंग असन पक्का. तू बसवला तं," असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी मामा बाजाराला गेले होते. आता तपासायला दुसरं काही उरलंच नव्हतं. मी इंजिन सुरू करून तेलाच्या कुपीनं त्या जोडाभोवती थोडं तेल सोडलं. दोन सेकंद इंजिन एकदम शांत, एका तालात चाललं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि पुन्हा थरथर सुरू झाली. जोडाच्या फटीनं तेल आत ओढलं होतं. हवाही तिथूनच जात होती.

कार्बोरेटर उतरवला. जोडातून हवा शिरू नये म्हणून मध्ये घालतात ती खालची कागदी पॅकिंग एका बाजूनं करपून आकसली होती. आमच्याकडे जाड लग्नपत्रिका कोणी टाकत नाही. पत्रिका जोडावर ठेवून हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकलं की त्याच मापाची पॅकिंग कापून निघते. मामांनी हे हयातभर केलं, पण साध्या पुठ्ठ्याच्या पत्रिकेवर. उन्हाळ्यात माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी हाती लागली ती चकचकीत पत्रिका कापली. तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर होता. उष्णतेनं तो वितळणार, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

दुकानातून पॅकिंगचा खरा कागद आणून बसवला. ट्रक नीट चालू लागला. मामा आले, बॉनेटवर हात ठेवला, पण फारसे खूश दिसले नाहीत.

"काय निंगालं?"

"जेटमध्ये कचरा होता," मी म्हणालो. का म्हणालो, ते मला तेव्हाही माहीत होतं.

"मंग मले हवा काऊन वाटली?" ते हळूच म्हणाले. "जाऊ दे. द्यायाची ठरली ते बरंच झालं."

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघालो. फोनवर हे सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं हे पत्र पाठवलं:

"तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार.

सोबत जळकी पॅकिंग पाठवली आहे. ही तुमच्या ट्रकमधून निघाली. जेटमध्ये कचरा नव्हता. मी खोटं बोललो. इंजिन खालच्या जोडातूनच हवा ओढत होतं. चूक मी केली होती आणि तुम्ही ती ओळखली होती. मी बसवलंय म्हणून तुम्ही स्वतःचं ऐकणं सोडून दिलंत, याची मला फार लाज वाटते.

फोनवरचं बोलणं तुम्हाला कमी ऐकू येतं, हे खरं आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात रजा घेऊन येतो, आपण अकोल्याला डॉक्टरांना दाखवू. पण इंजिन तुम्हाला बरोबर ऐकू आलं. मिस्त्रीला आणि मला आलं नाही.

भंगारवाल्याला बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. ट्रक नकोसा झाला असेल तर जरूर द्या. कान गेले म्हणून देऊ नका. हे पत्र मामीलाही वाचून दाखवा, आणि मिस्त्रीला दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

तुमचा भाचा"