काळी चारचा भोंगा

अंबरनाथात भित्र्या माणसाचा पुतळा उभारायचा झालाच, तर तो आमच्या शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांचाच उभारावा लागेल, आणि अनावरणाला गर्दी जमणार म्हणून मास्तर स्वतः तिकडे फिरकणार नाहीत. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवत असे. लहानपणी थोडा तबला बडवला होता, एवढ्या गुन्ह्यासाठी मला प्रत्येक कार्यक्रमात मास्तरांच्या शेजारी बसावं लागे. त्यामुळे त्यांची भीती मी वीतभर अंतरावरून पाहिलेली आहे. हेडमास्तर नुसते खाकरले तरी मास्तरांची बोटं पेटीवर भलत्याच पट्टीवर पडत. लाउडस्पीकरचा शॉक बसेल म्हणून ते घरून लाकडी पाट आणत आणि गाणाऱ्या मुलाला त्यावर उभं करत. गाणारं मूल आयत्या वेळी आजारी पडेल म्हणून दुसरं तयार ठेवत, आणि दुसरंही पडेल म्हणून तिसरं. स्वतः पेटी घेऊन बसत ते लोकांकडे पाठ करून. "ड्रॉइंगमास्तर, माणसं दिसली ना, की मला सगळे सूर सारखेच वाटायला लागतात हो," असं मला म्हणत.

पण खरी दहशत होती ती कारखान्याच्या भोंग्याची. त्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात पाचचा भोंगा झाला, आणि आमची चाळीस मुलं एकेक करून त्याच्या सुराला जाऊन मिळाली. पेटी एकीकडे आणि अख्खी शाळा दुसरीकडे! लोक पोट धरून हसले, मीही हसलो. मास्तर दोन दिवस रजेवर गेले आणि तिसऱ्या दिवशी शोध लावूनच आले, की भोंगा काळी चारमध्ये वाजतो, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत. तेव्हापासून प्रार्थनेपासून स्वागतगीतापर्यंत शाळेतलं सगळं गाणं काळी चारमध्ये. "आता वाजू दे लेकाचा," मास्तर म्हणाले, "आपल्याला आयता तंबोरा झाला."

सगळ्या मुलांना ते जमलं, एका मोहिनीला सोडून. ही सातवीतली सिंधी मुलगी कँपातून, उल्हासनगरच्या बराकींतून यायची. मराठी बेताचंच, त्यामुळे वर्गात तोंड उघडत नसे. पण गायला लागली की शिपाई घंटा द्यायची विसरे. शाळेत तिला नावानं हाक मारली जायची ती फक्त गाण्याच्या तासाला. शारदोत्सवात तिचं एकटीचं गाणं ठेवलं, आणि भोंगा होताच ती कानांवर हात ठेवून स्टेजवरून पळाली. मास्तरांनी तिला समजावलं, "अगं, तो आपला सा आहे. तंबोरा समज त्याला." ती म्हणाली, "मास्टरजी, आपका तंबोरा होगा. मेरे को तो वो जहाज लगता है." फाळणीत कराचीहून निघताना आगबोटीचा भोंगा झाला, तेव्हा तिची आजी धक्क्यावरच राहिली होती. म्हातारी घर सोडायला तयारच नव्हती. त्यानंतर पत्र नाही की निरोप नाही. मास्तरांनी पुन्हा तंबोऱ्याचं नाव काढलं नाही.

हेडमास्तरांनी मात्र हुकूम सोडला, की ही मुलगी पुन्हा स्टेजवर दिसता कामा नये. मास्तर माझा हात धरून त्यांच्या खोलीत गेले आणि कसंबसं म्हणाले, "संमेलनाला एकदाच, साहेब." हेडमास्तर म्हणाले, "एकदाच. पुन्हा पळाली तर तिचं गाणं कायमचं बंद." बाहेर आलो तेव्हा मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता.

संमेलनाची कार्यक्रमपत्रिका त्यांनी पाच वेळा लिहिली. मोहिनीचं गाणं साडेचारला, भोंग्याच्या अर्धा तास आधी. पण प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसायचं नावच घेईनात. मास्तर वैद्यासारखं माझं मनगट धरून घड्याळ बघत होते. त्यांचा हात गार पडला होता आणि हळूहळू माझाही पडला. पाहुणे बसले तेव्हा पाचाला चार मिनिटं होती. मोहिनी पाटावर उभी राहिली. गात होती ती, पण डोळे सारखे कारखान्याच्या दिशेला. तिच्यापायी माझा ठेका दोनदा चुकला.

अंतऱ्याला भोंगा झालाच. ती थांबली, हात कानांवर गेले, एक पाय पाटाखाली उतरला. पहिल्या रांगेत हेडमास्तर उभे राहिले. तेवढ्यात मास्तर पेटी सोडून उठले, आणि खरं सांगतो, मला वाटलं, आता हेही पळणार. ते तिच्याजवळ जाऊन वाकले. "मलाही भीती वाटते गं," ते म्हणाले, "बस खाली. आपण दोघं मिळून घाबरू." आणि मग जन्मात पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून, भर मांडवात मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतःच्या कानांवर हात ठेवले. तीही बसली. का कोण जाणे, मीही तबल्यावरचे हात उचलून कानांवर नेले. इतका वेळ भोंगा वाजलेला मी कधी ऐकला नव्हता.

तो थांबल्यावर मास्तर म्हणाले, "गेला." मोहिनीनं बसल्या जागेवरूनच अंतरा उचलला. ना पेटी, ना तबला. मास्तर तिच्या शेजारीच बसून राहिले. तिनं गाणं शेवटपर्यंत नेलं. हेडमास्तर केव्हा खाली बसले ते मी पाहिलंच नाही.

नंतर पडद्यामागे मास्तर पाणी पीत होते. "ड्रॉइंगमास्तर, खरं सांगा, लोक हसले का हो?"

"कुणीच नाही."

"तुम्ही?"

"मी पण नाही," मी म्हटलं, आणि त्या दिवसापुरतं ते खरं होतं. पण शिक्षकांच्या खोलीत वर्षभर मी त्यांच्या नकला करून सगळ्यांना हसवत आलो होतो. ते सांगून टाकावं, माफी मागावी, असं त्या क्षणी फार वाटलं. पण मी तबला आवरायला निघून गेलो. मेच्या सुट्टीत ते कोकणात गावी गेले ते परत आलेच नाहीत. भित्रे म्हणून सारं अंबरनाथ त्यांना ओळखे. पण त्या संध्याकाळी धीर झाला नाही तो मला.