हिरूबाय नांदायला गेली

मोरेश्वरकाकांचा, म्हणजे हिरूबायच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी दुकानात एका मुलीचा अर्ज तपासत होते. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, म्हणजे तिकडे कॅनडात सकाळ. काका एरवी फोनवर ओरडूनच बोलतात. जहाजावरच्या भटारखान्यात तरुणपण गेलेल्या माणसाची ती सवय. त्या दिवशी मात्र मी दोनदा "हॅलो" म्हणेपर्यंत त्यांचा आवाज उमटलाच नाही. "हिरू गेली, बाय," ते म्हणाले. "काल दुपारी. मासली कापता कापता खाली बसली... परत उठली नाय." बासष्टाव्या वर्षी, अंगावर तिकडच्या मासळीच्या दुकानाचा एप्रन आणि समोर गिऱ्हाईक असताना. त्याला आता सहा आठवडे झाले. माझं रडून झालं आहे. आणि मला लिहायचं आहे ते या जाण्याबद्दल नाहीच. आठ वर्षांपूर्वी ती पनवेलहून नवऱ्याकडे गेली, त्या जाण्याबद्दल लिहायचं आहे. कारण तसं वाजतगाजत नांदायला गेलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत माझं छोटं दुकान आहे. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरायचे, कागद लावायचे, भाषांतरं करून घ्यायची, मुलाखतीला काय बोलायचं ते सांगायचं, हे माझं काम. हिरूबाय उरणच्या खाडीकाठची. सव्विसाव्या वर्षी नवरा काविळीनं गेला, मूलबाळ नाही. सासूला तिनं शेवटपर्यंत सांभाळलं आणि रोज टेम्पोनं पनवेलच्या मासळी बाजारात येऊन पंचवीस वर्षं मासे विकले. आमच्या घरचा जिताडा तिच्याकडचाच. मी भाव करायला लागले की ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "मॅडम, तुमी फॉर्म भरा. मासलीचं मी बगते."

मोरेश्वर तिच्या माहेरच्या शेजारचा. लहानपणी दोघं एकाच पडवीत खेळलेली. तो जहाजावर आचारी म्हणून गेला, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात उतरला आणि तिथेच राहिला. तिथे केलेलं लग्न चारेक वर्षांत मोडलं होतं. तीस वर्षांनी तो पुतणीच्या लग्नाला आला आणि तिसऱ्या दिवशी बाजारात हिरूबायच्या पाटीसमोर उभा राहिला. पुढचे आठ दिवस तो रोज येत राहिला. नवव्या दिवशी त्यानं भर बाजारात विचारलं, "हिरू, माझ्याशी लगीन करशील?" ती म्हणाली, "आधी गिऱ्हाइकाची वाट सोड, मागं रांग लागलीय." आणि पाटी रिकामी झाल्यावर, हात धुऊन, तिनं हो म्हटलं.

ती एक्कावन्न वर्षांची होती. भाऊ चिडले. गावात कुजबुज झाली, कुणी तोंडावर हसलं. शेवटी विवाह नोंदणी कार्यालयात अकरा माणसांसमोर सह्या झाल्या. हळद नाही, हार नाहीत, फोटो जेमतेम तीन. मोरेश्वरकाका तिकडे परतले आणि हिरूबाय माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसली. "आता मना नवऱ्याकडं पाठवा," असं म्हणाली, जसं काही मी तिला टेम्पोत बसवून देणार होते.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. मी अनुभवी होते, आणि तिथेच फसले. बायको-नवऱ्याच्या अर्जात अधिकारी एकच गोष्ट शोधत असतो, लग्न खरं आहे की कागदापुरतं. हिरूबायचं लग्न कागदावर अगदी खोटं दिसत होतं. वय झालेलं, समारंभ नाही, एकत्र राहणं पंधरा दिवसांचं. म्हणून 'तुम्ही कसे भेटलात' या प्रश्नाखाली मी लिहिलं की दोन्ही कुटुंबांनी जुन्या ओळखीतून हा विवाह ठरवला. मला वाटलं, हे सभ्य दिसेल. तिला वाचून दाखवताना त्या ओळीवरून मी जरा घाईनं गेले. वर सल्ला दिला, "हिरूबाय, मुलाखतीत मोजकं बोला. विचारलं तेवढंच."

मुलाखतीत अधिकाऱ्यानं विचारलं, लग्न कुणी जमवलं? हिरूबायनं सांगितलं, "कुनी नाय. आमचं आमी जमवलं, मासली बाजारात." घरचे खूश होते का? "छे! भाऊ तर अजून बोलत नाय." अर्जात एक आणि तोंडी दुसरंच. दोन महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. लग्न खरं असल्याबद्दल समाधान होत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

ते पत्र मी तिला मराठीतून वाचून दाखवलं आणि मग कबूल केलं की दोष माझ्या ओळीचा आहे. तिनं पदरानं कपाळ पुसलं, मग म्हणाली, "तू चांगलं दिसावं म्हनून लिवलंस. पन माझं काय वाईट झालंय, की ते झाकायचं?" त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. मला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली.

या निकालावर अपील करता येतं, आणि तो हक्क तिकडच्या नवऱ्याचा असतो. काकांनी वकील गाठला. वकिलानं कळवलं, नातं चालू असल्याचा पुरावा पाठवा. पत्रं, संदेश, काहीही. हिरूबाय चौथी शिकलेली, तिला फोनवर टाइप करता येत नव्हतं. माझा धीर सुटत चालला होता. तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि म्हणाली, "पत्र नाय. पन बोललेलं हाय. चालेल काय?"

दीड वर्षाचे आवाजाचे निरोप त्या फोनमध्ये होते. रोज बाजार आटोपला की एक, घरी पोचली की एक. उत्तरादाखल काकांचेही तितकेच. मग बाजार उठला की ती दुकानात यायची आणि आम्ही दोघी ऐकायला बसायचो. मी उतरवून घ्यायचे, भाषांतर करायला द्यायचे. मांदेली किती उरली, पावसानं घराचा कोणता कोपरा गळतो, तुझ्याकडं बर्फ पडलं की पायात काय घालतोस, आज तुझी आई सपनात आली आणि तुझ्याबद्दल तक्रार करत होती... एका निरोपात काका नुसते खोकत होते आणि पुढच्यात ही त्यांना काढा कसा करायचा ते सांगत होती, आलं तिकडं मिळतं का याची तीनदा चौकशी करून. मी गोड गोड निरोप निवडायला लागले तर तिनं माझा हात धरला. "भांडनं पन घाल. बिनभांडनाचे नवरा-बायको कुनी बगितलेत?"

भांडण एक मोठंच होतं. काका बर्फात घसरून पडले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ते हिच्यापासून लपवलं. तिला दुसऱ्याकडून कळलं. त्यानंतरचे तिचे अकरा निरोप ऐकले तर त्यात एक शब्द नव्हता. बाजाराचा गलका, कोयत्याचा आवाज, कुणाची तरी घासाघीस... आणि बंद. मला वाटलं फोन बिघडला असेल. मी विचारलं तर ती म्हणाली, "रागावले होते ना. बोलायचं नव्हतं." मग कशाला पाठवले? "अगं, जिवंत हाय ते त्याला कलायला नको?" मी ते अकराच्या अकरा निरोप यादीत घातले. या वेळी सल्ला तिचा होता, लिहिणारी मी.

सुनावणी फोनवरून झाली, माझ्याच दुकानात. शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज फोनमध्ये जात होता. हिरूबाय जांभळं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून आली होती. "ते लोक बघणार नाहीत, फक्त ऐकणार आहेत," मी म्हटलं. "मी तर बगतेय ना," ती म्हणाली. माझ्या कपाळावर घाम, ती मात्र पाटीमागे बसावी तशी मांड ठोकून बसलेली. तिकडे दुभाषी बाई विदर्भातल्या असाव्यात. हिरूबायची बोली त्यांना पहिल्या दहा मिनिटांत दोनदा अडली. मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. हिरूबायनंच त्यांना समजावलं, "ताई, घाई नको. मी हलू हलू बोलते, तुमी हलू हलू सांगा."

निकाल देणाऱ्या बाईंनी ते अकरा निरोप काढले. यात काहीच बोलणं नाही, हे संभाषण कसं म्हणायचं? हिरूबायनं मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, शब्द न बदलता. दुभाषी बाईंनी इंग्रजी केलं. पलीकडे कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. चांगलं हसणं होतं ते. मग शेवटचा प्रश्न आला. या वयात, भाषा येत नसताना, सगळं सोडून तुम्हाला का जायचं आहे? या प्रश्नावर मी तिच्याकडून उत्तर घोटून घेतलेलं नव्हतं. ती म्हणाली, "बाईसाहेब, सांच्याला त्याच्या घरात कोन नसतं. माझ्या घरात बी कोन नसतं. दोन घरांत दोन दिवे कशाला जालायचे?"

निकाल पाच आठवड्यांनी आला. अपील मंजूर. मी बाजारात धावत गेले, चपलांसकट त्या ओल्या फरशीवर. हिरूबायला सांगितलं तर तिनं हातातलं पापलेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकलं आणि उभी राहून अशी आरोळी दिली की अख्खा बाजार वळून बघू लागला. "मी नांदायला चालले गो बायांनो!" ज्या बायका तिला दोन वर्षं टोमणे मारत होत्या, त्यांनीच तिला उचललं. तिच्या नोंदणी लग्नात राहिलेली हळद त्या दुपारी बाजारातच लागली. भाऊही आला. लाजत, पण आला. व्हिसाचे बाकीचे सोपस्कार उरकून ती निघाली तेव्हा तिला सोडायला दोन टेम्पो भरून माणसं विमानतळावर गेली होती.

पहिला हिवाळा तिला जड गेला. "बाय, इकडं समुद्र हाय पन वासच नाय," असं ती मला म्हणाली होती. दुसऱ्या वर्षी बंदरावरच्या एका मासळीच्या दुकानात ती कामाला लागली. वर्षभरात तिथली गिऱ्हाइकं 'हिरू आहे का' असं विचारून रांगेत उभी राहू लागली. इंग्रजी तिचं दहा-बारा शब्दांचं, पण शिळा मासा दिसला की ती मालकासमोर "नो फ्रेश!" म्हणून तो बाजूला काढायची, आणि मालक निमूटपणे उचलायचा.

आणि मग मी तिला माझ्या कामात ओढलं. दुकानात नवऱ्याकडे जाणाऱ्या मुली येतात, घाबरलेल्या, कुणीतरी पढवून पाठवलेल्या. मी त्यांना हिरूबायशी फोन जोडून द्यायला लागले. ती कागदांबद्दल काही बोलायची नाही. म्हणायची, "कागद ही बाय बगेल. तू मना सांग, तुझा नवरा सकालला काय खातो? कशानं चिडतो? तू रडलीस तर काय करतो?" मुली आधी हसायच्या, मग बोलायला लागायच्या, आणि त्या बोलण्यातून मला खरा अर्ज लिहिता यायचा. सुकापूरच्या एका मुलीला मात्र तिनं सांगितलं, "नको जाऊ." त्या मुलीच्या नवऱ्यानं दोन वर्षांत स्वतःचा पत्ता दिला नव्हता, घर कधी फोनवर दाखवलं नव्हतं. "जो घर दाखवत नाय, त्याच्याकडं कुठं उतरशील गो?" मुलगी खूप चिडली. चार महिन्यांनी त्याचं दुसरं लग्न उघडकीला आलं. आज ती द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे, हाताखाली तीस माणसं. हिरूबाय गेल्याचं कळलं तेव्हा ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझ्या दुकानात येऊन बसली.

गेल्या आठवड्यात मोरेश्वरकाका आले. अस्थी खाडीत सोडल्या, माणसं भेटली. भाच्यापुतण्यांनी आग्रह धरला की आता एकट्यानं तिकडे काय करायचं, इथेच राहा, खोली तयार आहे. काका माझ्याकडे आले, हिरूबाय बसायची त्याच खुर्चीत बसले. त्यांनी सांगितलं, तिच्यासाठी मासळीचं दुकान एक दिवस बंद ठेवलं होतं, आणि बंदरावरची माणसं डबे घेऊन घरी आली होती. त्यातल्या निम्म्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. "तीस वर्षं मी तिथं नुसता राहत होतो, बाय. शेजारचा मना वलखत नव्हता. ही आठ वर्षांत..." मी पाणी दिलं. जरा वेळानं मी हळूच विचारलं, "मग काका, काय ठरलं? परतीच्या तिकिटाचं काय करू? रद्द करू?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला साधी गोष्ट कळत नव्हती.

"रद्द कशाला?" ते म्हणाले. "घरी नको जायला?"