कापसाच्या खोलीतला खोकला

"छाती वाजते आहे हिची," डॉक्टर म्हणाले आणि स्टेथोस्कोपच्या नळ्या त्यांनी माझ्याच कानांत घातल्या. "ऐका."

मी ऐकलं. माझ्या सहा वर्षांच्या गौरीच्या छातीत कोणीतरी फार लांबून बारीक शिट्टी वाजवत होतं. "याला व्हीझिंग म्हणतात," ते म्हणाले. सर्दीनं श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, वाट अरुंद होते, मग श्वास सोडताना असा आवाज येतो. मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही. नांदुऱ्याच्या त्या दवाखान्यात दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं आणि मला फक्त गौरीच्या गळ्याखालचा खड्डा दिसत होता. दर श्वासाला तो आत ओढला जायचा.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या आयांसाठी. मी काही अडाणी नाही, बारावी झालेली बाई आहे. तरी चुकले, आणि चांगलीच चुकले.

सुरुवात साध्या सर्दीनं झाली. चौथ्या दिवशी नाक वाहायचं थांबलं, पण खोकला सुरू झाला आणि पोट बिघडलं. खाल्लं की उलटी, वर जुलाब. शेजारच्या काकूंनी ओवा-लसणाचा काढा सांगितला, तो दिला. फ्रिजमध्ये मागच्या आजारातली औषधाची बाटली उरलेली होती, तीही पाजली. खोकला थांबेना तेव्हा वाटलं, पोरीला ऊब पाहिजे.

आमच्या घरात ऊब म्हणजे कापसाची खोली. वेचणी झाली की भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, माझ्या छातीपर्यंत ढीग येतो. थंडीच्या दिवसांत दुपारी त्या खोलीत वेगळंच जग असतं. झरोक्यातून ऊन आत आलं की बारीक तंतू हवेत तरंगत राहतात, खाली यायची त्यांना घाईच नसते. मी ढिगावर गोधडी अंथरली, गौरीला निजवलं आणि शेजारी कलंडले. अंगाखाली जमीन आहे हेच विसरायला झालं.

"मम्मी, आपण ढगात हावो का?" गौरीनं विचारलं.

"हाव. झोप आता."

तीन दुपारी आम्ही मायलेकी त्या ढगात झोपलो. इतकी गाढ झोप मला लग्नानंतर कधी लागली नव्हती, खरं सांगते.

तिसऱ्या दुपारी ती उठली तेव्हा तिला धड बोलता येईना. "पा...णी," एवढंच, तेही दोन तुकड्यांत. तिचे बाबा कामाला पुण्यात. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला खांद्यावर टाकलं आणि ऑटोत बसवलं. वाटेत ते एकच म्हणत होते, "अवं माय, श्वास घे. घे वं बाप्पा."

दवाखान्यात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला. कमी होता. लगेच भरती केलं. नेब्युलायझर लावलं, म्हणजे औषधाची वाफ करून मास्कमधून देतात. उलट्यांचं कारणही कळलं. लहान मुलांना कफ थुंकता येत नाही, ती गिळतात, म्हणून पोट ढवळतं. उरलेल्या बाटलीबद्दल डॉक्टर चिडलेच, जुलाब त्यानंही वाढले असतील म्हणाले. ओआरएसचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं.

मग विचारलं, "घरात धूळ आहे?"

"नाही."

"धूर? चूल?"

"गॅस आहे."

खोटं बोलत नव्हते मी. तेवढ्यात त्यांनी गौरीच्या कानामागून एक पांढरा पुंजका उचलला. "मग हे काय?"

कापूस! माय व माय, मला तो आठवलाच नव्हता. कापूस आमची लक्ष्मी, त्या खोलीत जाताना आम्ही चपला बाहेर काढतो. त्याला धूळ कोण म्हणेल?

"सुजलेल्या नळ्या आणि त्यावर ही बारीक धूळ," डॉक्टरांचा आवाज चढला. "कोणी झोपवलं हिला त्यात?"

मी गौरीच्या केसांतून कापूस वेचू लागले. मागून मामाजी म्हणाले, "म्या निजवलं, साहेब. मले काय मालूम असं होते म्हणून."

डॉक्टर त्यांना बोलले, चार माणसांत बोलले. सत्तरीचा माणूस टोपी हातात घेऊन ऐकत उभा राहिला. आणि मी गप्प बसले. लाज वाटते लिहिताना.

पुढचे दोन दिवस धुक्यात गेल्यासारखे गेले. मास्कमधून वाफ यायची, गौरीचा चेहरा तिच्यामागे पुसट व्हायचा, पुन्हा दिसायचा. मी तिच्या पाठीला कान लावून बसायचे. दुसऱ्या दिवशी मऊ भात पोटात टिकला. शिट्टी विरळ झाली. डॉक्टर म्हणाले, "दमाच आहे असं आत्ताच मनात धरू नका. पुन्हा पुन्हा झालं तर तपासू. कापसापासून मात्र लांब ठेवा."

पोराला धाप लागली, बोलताना वाक्य तुटलं, ओठ निळे दिसले, लघवी कमी झाली, तर बायांनो, काढे करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

घरी आलो तर मामाजींनी कापूस गोठ्याशेजारच्या शेडात हलवलेला, खोली धुऊन काढलेली. दवाखान्यातली बोलणी आळीत पोचली होती, अंगणात बाया जमल्या होत्या. काकू म्हणाल्या, "काय हो भाऊ, पोट्टीले कापसात निजवते काय कोणी? अक्कल गहाण ठेवली होती काय?" मामाजी नुसते हसले.

माझ्यानं राहवलं नाही. "त्यायनं नाही, काकू. म्या निजवलं. तीन दिवस. मीबी थ्याच ढिगावर झोपली होती."

बाया पांगल्यावर मामाजी माझ्यावरच तडकले. "काऊन सांगतलं वं? मले कोणीबी बोलते, म्या इसरून जातो. तू तिची माय हायेस. तुह्या हातचं औषध तिनं डोये मिटून प्यायले पाह्यजे."

मी तिथंच ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. गौरी धावत आली, माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि कुठेही न थांबता म्हणाली, "मम्मी, रडू नोको, नाहीतर तुले बी खोकला येईन, मंग मी तुले दवाखान्यात नेईन आन् चमच्यानं पाणी पाजीन."