मुलींच्या शाळेची भिंत

आमच्या गावात मुलींची शाळा होती आणि तिला भिंत नव्हती तोवर ती बरी चालली. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवते. कारण आता जो तो मला सांगतो की निजामाच्या राज्यात मुलींना शिकू दिलं नाही, आणि एवढं म्हणून मोकळा होतो. निजामाच्या सरकारनं काय केलं ते मी सांगणारच आहे. पण अर्धं सांगून गप बसायची मला सवय नाही.

गाव सोनपेठच्या अलीकडं, गंगेच्या काठाला; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मुलांसाठी सरकारी शाळा होती, चौथीपर्यंत. मुलींसाठी काही नव्हतं. मारुतीच्या पुजाऱ्याची एक बहीण नवरा वारल्यावर भावाकडं येऊन राहिली होती. तिचे वडील सेलूला मास्तर होते, त्यांनी तिला घरीच शिकवलेलं. पुजाऱ्याची बहीण म्हणून आम्ही सगळ्या तिला आत्या म्हणायचो. आधी ती भावाच्या मुलीला देवळाच्या ओवरीत घेऊन बसायची. मग शेजारच्या दोघी जाऊन बसल्या, मग मी, मग माझी मैत्रीण. बघता बघता ओवरी भरली.

ही मैत्रीण आमच्या घराला लागून राहणारी. दोघींत एकच पाटी होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, हे मी आज बी.ए. झाल्यावरही कबूल करते. आत्या तिच्याकडून लिहून घ्यायची आणि बाकीच्यांना म्हणायची, "असं काढा."

ओवरी सरळ रस्त्यावर उघडी होती. समोर चावडी, बाजूला आड. बाजाराच्या दिवशी सोनपेठला निघालेल्या बैलगाड्या आमच्यासमोरून जायच्या. आम्ही पाढे म्हणत असलो की एखादा गाडीवान मुद्दाम गाडी हळू करायचा.

"आत्या, आमच्या बैलालाबी दोन अक्षरं शिकवा की."

"आण. तुझ्याआधी शिकंल."

गाडीतली माणसं हसायची, आम्हीही हसायचो. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत आम्ही शिकत होतो आणि कुणाची अब्रू गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मी तिसरीचं पुस्तक संपवलं तेव्हा आत्यानं माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "हिला चौथीच्या परीक्षेला बसवायचं. ही आणि हिची मैत्रीण, दोघी पास होतील." आबा थोडक्या जमिनीचा शेतकरी माणूस. त्यांना सही येत नव्हती. त्या दिवशी रानातून परत येताना भेटेल त्याला ते सांगत आले की आमची पोरगी परीक्षा देणार हाय.

पण परीक्षा सरकारी होती. मुलांच्या शाळेचे मास्तर म्हणाले, तुमची शाळा सरकारच्या लेखी नाहीच, तर मुली बसणार कशा? त्याच सुमारास गश्ती फिरली. सरकारी हुकूम गावोगाव फिरवून वाचायचे, त्याला गश्ती म्हणायचे. आमच्याकडं ती माली पाटलांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या पाटलांनी, चावडीत वाचली. वाचली उर्दूत, मग सांगितली आपल्या भाषेत. खाजगी शाळा मंजुरीशिवाय चालवायची नाही. मुलींची असेल तर परदा पाहिजे. भिंत अशी पाहिजे की रस्त्यानं जाणाऱ्याला आतली मुलगी दिसू नये. मग मंजुरी, मग परीक्षा.

एक सांगते. भिंतीचा हुकूम ऐकून गाव मागं हटलं नाही. पुजाऱ्यानं देवळामागची जागा दिली. ती आमच्या परसाला लागूनच होती. त्या उन्हाळ्यात आमचे बाप पांढरीवरून, गावाच्या जुन्या टेकाडावरून, माती वाहत होते आणि आमच्या आया चिखल तुडवत होत्या. भुसा घालून, थरावर थर. माझी माय भिंत लिपण्यात गावात पहिली. गावातला सगळ्यात उंच माणूस आणून भिंतीला उभा केला आणि त्याच्या डोक्याच्या वर एक हात भिंत चढवली. आता कोण बघतोय आत, असं म्हणून बाप्ये लोक तंबाखू मळत बसले.

तालुक्याकडून मोहतमीम साहेब आले, शाळा तपासणारे. ते घोड्यावर बसून आले. हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही आत रांगेनं बसलो होतो. मी निमकीचा पाढा पाठ करून ठेवला होता, मैत्रिणीनं पाटीवर एक धडा काढून ठेवला होता. इतका सुंदर की मला हेवा वाटत होता. भिंतीवरून आधी एक फेटा दिसला, मग चेहरा. चेहरा लगेच दुसरीकडं वळला. साहेब सभ्य होते. परक्या मुलींकडं त्यांनी बघितलं नाही.

"दिखता है, पाटील," ते चावडीकडं तोंड करून म्हणाले. "सब दिखता है. ऊँची करो."

आणि गेले. घोड्यावरून उतरले नाहीत. आम्हाला काही विचारलं नाही. आत्यानं दारातून म्हणून बघितलं की साहेब, मुलींची परीक्षा तरी घ्या. पण बाईमाणसाशी बोलायचं नाही म्हणून त्यांनी तेही ऐकल्यासारखं केलं नाही. शाळेची तपासणी म्हणजे भिंतीची तपासणी. आम्हाला काय येतं हे त्या सरकारातल्या एकाही माणसानं कधी विचारलं नाही.

भिंत पुन्हा चढवली. पाऊस यायच्या आत बायकांनीच चढवली, बाप्ये पेरणीच्या तयारीत होते. वर बोराटीचे काटे खोचले. आत भर दुपारीही सावली पडायला लागली, वारा येईना. साहेब पुन्हा घोड्यावरून फिरले, त्यांना काही दिसलं नाही आणि मंजुरी मिळाली. आत्यानं त्या दिवशी गूळ वाटला.

खरी गोष्ट इथून पुढं आहे.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळे बाप चावडीत बसले होते. आमची मैदानातली लगोरी सोडून मी आबांजवळ जाऊन उभी होते, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. माली पाटील म्हणाले, "सरकारनं उगी भिंत घालायला लावली का? काही तरी इचार केला असंलच की. आता मला सांगा, भिंतीच्या आत पोरी झाकल्या. पण घरापासून भिंतीपर्यंत कोण झाकणार?"

बाप एकमेकांकडं बघायला लागले.

"आमच्या घरात बायकांना गोषा हाय. आडावर जात न्हाईत. मग तुमच्या लेकी रोज दोनदा रस्त्यानं जाणार, येणार. जिथं सरकारला लाज वाटली तिथं आपल्याला न्हाई का?"

एकजण म्हणाला, पडद्याची गाडी केली तर? पाटील म्हणाले, "करा. माझी ना न्हाई." पण रोज गाडी जुंपायला कुणाचे बैल मोकळे होते? आणि असते तरी त्या चावडीत कुणी उठून म्हटलं नसतं की माझी पोरगी पायी जाईल. उन्हाळ्यापर्यंत याच चावडीसमोर आम्ही उघड्यावर बसून बाराखडी म्हणत होतो आणि हेच लोक ऐकत होते.

घरी येऊन आबांनी सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती.

"इतकी वर्सं उघड्यावर बसल्या, तवा नव्हती का अब्रू?"

आबा म्हणाले, "तवा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं."

एवढं खरं बोललेलं वाक्य मी पुढं कॉलेजातल्या कुठल्या व्याख्यानातही ऐकलं नाही. हुकमानं आमच्या गावाला भिंत दिली नाही, ध्यानात आणून दिलं. शिकणारी मुलगी ही झाकायची वस्तू आहे हे आमच्या लोकांना ठाऊक नव्हतं. एकदा कळल्यावर ते सरकारच्या पुढं गेले.

शाळेत पहिल्या दिवशी आत्या आणि तिची भाची, एवढ्याच.

चार दिवस मायनं वाट बघितली. आबा बोलतील म्हणून. मग एका सकाळी ते रानात गेल्यावर तिनं पहार घेतली आणि आमच्या परसाच्या अंगानं भिंत फोडायला लागली. मी घाबरून म्हटलं, "माय, पाटील काय म्हणतील?"

"मीच लिपली, मीच फोडायले. पाटलानं एक थर चढवलाय का?"

माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पाडलं. पलीकडून आत्या बघत उभी. तिनं पाटी घ्यायला हात तेवढा पुढं केला.

मग मैत्रीण आली, कुडाच्या फटीतून. मग तिच्या पलीकडच्या घरातली, मग त्याच्याही पलीकडची. एकीच्या परसातून दुसरीच्या परसात, गोठ्यातून, शेणाच्या गोवऱ्या ओलांडून, शेवटी आमच्या चुलीसमोरून भगदाडात. आबा जेवत असले की मुली त्यांच्या ताटाजवळून वाकून जायच्या. ते वर बघायचे नाहीत, ताट तेवढं जरा आत ओढायचे. एक दिवस कोरड्यास वाढता वाढता माय म्हणाली, "बघा तरी, तुमचीच कोणती ते कळंना झालंय." आबा हसले. रस्त्यावर एकही मुलगी दिसत नव्हती. पाटलांना बोलायला जागा उरली नाही.

त्या हिवाळ्यात शाळा पुन्हा भरली. आत्यानं आम्हा दोघींची चौथीची तयारी करून घेतली. परीक्षा अगदी तोंडावर आली होती.

तेवढ्यात साहेब आले. या खेपेला चपराशाला घेऊन, चौथीला कोण बसणार ते बघायला. म्हणजे पहिल्यांदाच कुणीतरी आमची विचारपूस करायला आलं होतं. मुली असताना ते आत येणार नव्हते, म्हणून पाटलांनी पुढच्या दारातून हाक दिली, "पोरींनो, बाहेर या. साहेबाला शाळा आतून बघायचीय. मग एकेकीला लांबून विचारतील."

आत्या दाराशी पाटलांशी बोलायला गेली. आणि आम्ही? आम्हाला रस्त्यानं बाहेर पडायचं असतं हेच ठाऊक राहिलं नव्हतं. परका पुरुष दाराशी आलाय, निघा म्हटलं की आमचे पाय आपोआप भगदाडाकडं वळले. पाट्या उचलल्या आणि एकीमागं एक, आवाज न करता, आमच्या चुलीपुढून गेलो. तशीच सवय लावली होती आम्हाला.

साहेब दारात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. कुणी बाहेर येईना. आत्यानं मागं वळून बघितलं तर जागा रिकामी. तिचा चेहरा मी बघितला नाही, मी तेव्हा आमच्या घरात होते. पण भगदाडाशी उभी असलेली माय सांगायची की आत्या तशीच खाली बसली.

साहेब आत आले. त्यांना मुली दिसल्या नाहीत, भगदाड दिसलं.

"ये मदरसा है?" ते एवढंच म्हणाले. ही शाळा आहे का, म्हणून.

मंजुरी गेली. परदा मोडला म्हणून. जिथून आम्ही परदा मोडू नये म्हणून जात होतो, तिथंच. माय चपराशाच्या मागं धावली, सांगत राहिली की पोरी हायत, आता आणते, समद्या हायत. चपराशी म्हणाला, "बाई, साहेबांनी बघितलं ते बघितलं."

चौथीची परीक्षा आमच्याशिवाय झाली. त्या वर्षी मैत्रिणीचं लग्न झालं, गावातच, तिच्या मामाच्या मुलाशी. मला मायनं आपल्या भावाकडं सेलूला पाठवलं. बैलगाडीनं गंगाखेड, तिथून आगगाडीनं परभणी, गाडी बदलून सेलू. मी रडत होते तर म्हणाली, "रड. पण खाली उतरू नको." मामानं मला पुन्हा तिसरीपासून बसवलं. पुढं मी शिकले. आमच्या खानदानात कॉलेजचा उंबरा ओलांडलेलं पहिलं माणूस मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पण ओवरीतल्या बाकीच्या मुलींना सेलूला मामा नव्हता.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. थोड्याच दिवसांत नवीन सरकारनं आमच्या गावात नवी शाळा काढली, मुलामुलींची एकत्र, त्याच भिंतीच्या आत. तोवर तिथं पाटलांचा कडबा असायचा. मी त्या वेळी सुट्टीला आले होते. उघडायला नवे साहेब आले, पांढऱ्या टोपीतले. पाटलांच्याही डोक्यावर तशीच टोपी होती. साहेबांनी विचारलं, इथं पूर्वी मुलींची शाळा होती म्हणतात, तिचं काय झालं?

"काय सांगू साहेब," पाटील म्हणाले, "निजामानं बंद पाडली."

लोकांनी माना हलवल्या. माझी माय बायकांत उभी होती, तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "भिंत निजामानं सांगितली, पाटील. रस्ता तुमी सांगितला."

पाटील हसले. "वैनी, झालं गेलं कामून उकरायलाव? आज चांगला दिवस हाय." साहेबही हसले आणि चहाला गेले.

मग नाव घालणं सुरू झालं. माझी मैत्रीण मुलाला घेऊन आली होती. तरुण मास्तरांनी मुलाचं नाव विचारलं, लिहिलं, आणि तिच्याकडं न बघताच शाईची डबी पुढं सरकवली. "अंगठा द्या, बाई."

मी पुढं झाले. म्हणणार होते, मास्तर, तिला लेखणी द्या, तुमच्यापेक्षा अक्षर चांगलं आहे तिचं. पण तोवर तिनं अंगठा उमटवला होता.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "कामून गं? तुला तर येतंय की."

ती पदरानं अंगठा पुसत होती. मला म्हणाली, "इतक्या बाप्यांपुढं लिहीत बसू का? समदे बघायलेत."