रत्नमाला काकूंनी ब्राउझरची स्थळं पाहिली

पडेगावात बातमी फिरतेय की रत्नमाला काकू पोरींचे बायोडाटा एका कंपनीला विकतात. कोणत्या, ते कुणी सांगत नाही. "शेंद्र्याच्या कारखान्यांकडची हाय म्हणं," एवढंच.

साफ खोटं. काकू लग्नं जुळवतात, आणि त्यातलं अक्षर स्वतःच्या नवऱ्याच्याही कानावर जाऊ देत नाहीत. त्या नवऱ्याला, सांडूकाकांना, सख्ख्या पुतण्याचं ठरलेलं लग्न पानटपरीवर कळलं होतं. पोरीचं गुपित बाहेर गेलं ते काकूंच्या तोंडून नव्हे. बोलला तो त्यांचा कॉम्प्युटर.

झालं असं, मागच्या गल्लीतल्या सुलेखाबाई मुलासाठी कॉम्प्युटरवर मुलींचे फोटो बघायला आल्या. काकू चहा टाकायला उठल्या. "बघू तरी कसं असतं," म्हणत सुलेखाबाईंनी वरच्या शोधायच्या पट्टीत नुसता 'द' दाबला. खाली आपोआप उलगडलं : 'दमा असलेल्या मुलीला बाळंतपणात त्रास होतो का.'

एका पोरीनं विश्वासानं सांगितलेलं, काकूंनी तिच्याच काळजीनं शोधलेलं. नाव कुठंच नव्हतं. पण सुलेखाबाईंना नाव कशाला लागतं? त्या आठवड्यात पडेगावात जी पोरगी खोकली, तिचं स्थळ थांबलं.

काकूंचं बूड टेकेना. कॉम्प्युटरवर चादर टाकायच्या, दारापर्यंत जायच्या, परत येऊन चादर ओढून काढायच्या. त्या पोरीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते. दम्याचं ती स्वतः मुलाला सांगणार, असं तिचं आणि काकूंचं ठरलेलं. त्याआधी नाव फुटलं असतं, तर पाहुणे घरातून निघालेच नसते.

मी शेजारची, दहावीतली. मला हाक आली. "प्रेरे, ह्योच असा चोंबडा हाय का समदेच?"

मी सांगितलं, इंटरनेट आपण ज्यातून बघतो त्याला ब्राउझर म्हणतात. तो एकच नसतो, पुष्कळ आहेत, सगळे फुकट.

काकू थबकल्या. "फुकट? कायबी नको म्हणणाऱ्या स्थळाची मी दुप्पट चौकशी करते. बसव एकेकाला समोर."

मग मी खुर्चीत बसले, एकेका ब्राउझरची नक्कल करत.

पहिला जुनाच, गावभर ओळख असलेला. मी कॉलर ताठ केली. "काकू, मी विसरायला पण तयार होतो, तुम्ही कधी बोललाच नाय!" हे खरंच होतं, सेटिंगमध्ये तशी सोय होती. पण तो उघडला की काकूंच्या म्हाताऱ्या मशीनचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. "ह्याच्या खाण्यापिण्याला मी पुरायची नाय," काकू म्हणाल्या.

दुसरा कॉम्प्युटरबरोबरच आलेला. तो नाकात बोलला : "मी घरातच आहे की. बाहेर कशाला बघता? मलाच कायमचा ठेवून घ्या ना."

"घरजावई. किती मागं लागतो! पुढचा."

तिसरा कोल्ह्याच्या चित्राचा. त्याला मी आमच्या गणिताच्या सरांचा संथ आवाज दिला.

"पोट कशावर भरतं?" काकूंनी डोळे बारीक केले.

"मी ना-नफा संस्थेचा आहे, काकू. सर्चवाल्या कंपन्यांकडून पैसे मिळतात, लपवत नाही. बंद केल्यावर सगळं विसरायचं, एवढं एकदा सांगून ठेवा."

"सांगितल्यावर ऐकतो?"

"ऐकतो."

"मग आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा."

पण शब्दावर विश्वास ठेवतील त्या काकू कसल्या! मी जुना ब्राउझर पुसून टाकला, नव्यात सेटिंग लावली आणि काकूंचं संध्याकाळभर काही शोधायचं, बंद करायचं, उघडायचं, एकेक अक्षर दाबून बघायचं, हेच चाललं. भाजी करपली. मला राहवेना. म्हटलं, "काकू, पैज. सुलेखाबाई काहीतरी काढूनच जाणार. मी जिंकले तर तुमच्या वधू-वर मेळाव्यात स्टेजवर तुमची नक्कल करणार."

"आन हरलीस तर वधू-वरांची नावं तू पुकारायची. दिवसभर. सोताच्या आवाजात."

शनिवारी सुलेखाबाई उगवल्या. "जय भीम, ताई! फोटो राहिले होते बघायचे." काकूंनी स्वतः त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. सुलेखाबाईंकडून पुन्हा 'द' दाबला गेला. खाली आलं : दहावी निकाल, दूध दर, दौलताबाद किल्ला.

"अगं बया! नापास कोण झालं?"

"अख्खा महाराष्ट्र शोधतो ते, बाई," काकू आतूनच.

सुलेखाबाईंनी 'अ'पासून 'ह'पर्यंत बोट फिरवलं. काहीच हाती लागेना, तेव्हा सरळच आल्या. "ताई, ती दम्याची कोण हो?"

काकूंनी बशी पुढं केली. "तुमच्या पोराचं बी एक मला ठाऊक हाय. ते कुणाला सांगितलं का मी?"

सुलेखाबाई चहा अर्धा टाकून गेल्या, फोटो तसेच राहिले.

रविवारी पडेगावात तीन घरी पाहुणे आले, दोन घरी जमलं. त्यातली आपली दम्याची पोरगी कोणती, काकू सांगत नाहीत. मेळाव्यात दिवसभर मी माइकवर माझ्या साध्या, आळणी आवाजात नावं पुकारली. सुलेखाबाईंच्या मुलाचं नाव आलं तेव्हा ते त्यांच्याच आवाजात पुकारायला जीभ लई वळवळली, पण काकू पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.